बिनहळदीचं वरण

कोथरूड, पुणे
रविवार, १० ऑगस्ट २०२५

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, म्हणून हे कागदावर लिहिते आहे. आईचाही केला आहेस की नाही हे मला माहीत नाही, कारण आईने तुला फोन लावून बघितलेलाच नाही. लावायचा का असं मी दोनदा विचारलं. "तिला वेळ असेल तेव्हा ती करेल," म्हणाली. पाच महिने झाले.

मी तुला एकाच गोष्टीसाठी लिहिते आहे. आमच्याकडे वरण पांढरं होतं. पहिल्यांदा मला वाटलं आई हळद विसरली असेल. मग भाजीतही हळद नव्हती, पोह्यातही नव्हती. जूनमध्ये मी एकदा स्वयंपाक केला आणि सवयीने चिमूटभर टाकली, तर आईने फक्त भात आणि ताक घेतलं. हळदीचा डबा जागेवर आहे, आत हळद आहे, त्यावर बाबांच्या अक्षरातलं लेबल आहे. आई तो पुसते आणि परत ठेवते.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू सगळ्यांसमोर आईला म्हणालीस, "त्यांचे पाय सुजले होते आणि तू हळदीचा लेप लावत बसलीस. तू मारलंस त्यांना." भंतेजी अजून जिन्यात होते. मी पाण्याचे ग्लास गोळा करत होते. डॉक्टर म्हणाले होते की तीन आठवडे आधी आणलं असतं तर डायलिसिसवर वाचले असते. ते तू ऐकलंस आणि चंद्रपूरला निघून गेलीस. ऐकल्यावर कोणीही हेच म्हटलं असतं, तुला दोष देत नाही.

पण ताई, आईची चूक नव्हती. हे मी समजूत काढायला लिहीत नाही. मला माहीत आहे म्हणून लिहिते आहे. कसं माहीत आहे ते पुढच्या वेळी लिहीन. आत्ता एवढंच, तिला एक फोन कर. माझ्याशी बोलू नकोस.

तुझी,
निकी


रविवार, ३१ ऑगस्ट २०२५

प्रिय ताई,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं असं पोस्टाच्या साइटवर दिसतं, म्हणजे निदान दारापर्यंत आलं आहे. मी रजिस्टर्ड केलं होतं. माझा स्वभाव तुला माहीत आहे, गॅस बंद केला का हे बघायला जिना चढून परत येणारी मी.

मागच्या पत्रात मी "पुढे लिहीन" म्हटलं होतं. गेल्या दोन रविवारी बसले आणि उठले. आज दुसरंच काही लिहिते, हात मोकळा होईल.

मी मार्चपासून लॅबमध्ये पर्यवेक्षक आहे. हे तुला कळलं नसेल. नवीन मुलामुलींना रक्त घ्यायला शिकवणं माझ्याकडे आहे. सध्या सृष्टी नावाची मुलगी आहे, हाताने फार हलकी, लहान मुलंही तिच्याकडे रडत नाहीत. तिला मी बाबांचंच शिकवते. पेशंटला "तुम्ही अमुकच ना?" असं कधी विचारायचं नाही, घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. पूर्ण नाव त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं. रक्त घेऊन झालं की त्याच्या डोळ्यांसमोर लेबल लिहायचं. आधी लिहून न्यायचं नाही, नंतर लिहायचं नाही. बिनलेबलची ट्यूब हातात घेऊन उंबरठा ओलांडायचा नाही.

तुला आठवतं, आपण शाळेत जायच्या आधीच हे शिकलो होतो? दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबा फडताळातले सगळे डबे उतरवायचे. तू भरायचीस, मी नाव सांगायची, ते लेबल लिहायचे. मी एकदा धन्याची पूड बघून न चाखता "जिरं" म्हटलं, तर त्यांनी "जिरं" असंच लिहिलं आणि महिनाभर तसंच ठेवलं. आई चिडायची, "हे घर हाये का सरकारी दवाखाना?" बाबा म्हणायचे, "दवाखान्यात आमटी खारट होऊन भागत नाही." चौतीस वर्षं सरकारी लॅबमध्ये काढली त्यांनी. निवृत्तीच्या दिवशी भाषण करायला उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "ओळखीच्या माणसाला आधी नाव विचारा. अनोळखी माणसाला तुम्ही विचारताच." आणि बसले. आपण दोघी टाळ्या वाजवायच्या की नाही म्हणून एकमेकींकडे बघत होतो.

परवा सृष्टीने विचारलं, "मॅडम, पण ओळखीच्याला नाव विचारायला ऑकवर्ड नाही का होत?" मी म्हटलं, "होतं. तरी विचारायचं." ती म्हणाली, "तुम्ही विचारता?"

मी डबा न खाता घरी आणला. आईने तो उघडून बघितला.

लिहिणार आहे, ताई. नक्की.

निकी


रविवार, २१ सप्टेंबर २०२५

ताई,

आज मध्ये उठायचं नाही असं ठरवून बसले आहे. क्रमाने लिहिते.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी साडेसातला मी दुसऱ्या मजल्यावर शेलारकाकांकडे गेले. त्यांची नेहमीची तपासणी होती. दारातच म्हणाले, "या, डास आले." मी नाव विचारायला तोंड उघडलं तर म्हणाले, "लहानपणी माझ्या दारावरची पाटी मोठ्याने वाचत जिना चढायचीस, आता वाचता येत नाही का?" मी हसले. रक्त घेतलं. लेबलं बॅगेत नव्हती, वर घरी टेबलावर राहिली होती. दोनच तर मजले, म्हणून ट्यूब तशीच ट्रेमध्ये ठेवली आणि वर आले.

बाबांना महिनाभर थकवा होता, गुडघे दुखत होते, म्हणून त्यांचीही त्याच तपासण्यांसाठी चिठ्ठी होती. ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी बाही वर केली आणि माझ्याकडे बघत थांबले. कशासाठी थांबले आहेत हे मला कळलं. मी म्हटलं, "बाबा, आता तुम्हालाही नाव विचारू?" ते म्हणाले, "तुमची पद्धत तुम्हाला माहीत, मॅडम."

मी विचारलं नाही.

त्यांची ट्यूब त्याच ट्रेमध्ये ठेवली. पिवळ्या बुचांच्या दोन ट्यूब शेजारी शेजारी. आईने उपमा आणला, गार होईल म्हणाली. मी खाल्ला. मग लेबलं लिहिली आणि चिकटवली. कोणती कोणाची हे मला पक्कं माहीत होतं. अजूनही तो ट्रे डोळ्यांसमोर आणला की मला पक्कं माहीत असतं, आणि ते चूक असतं.

सोमवारी रिपोर्ट आले. क्रिएटिनिन हा मूत्रपिंडं काम करतात की नाही हे सांगणारा आकडा असतो. बाबांचा ०.९ आला, म्हणजे उत्तम. शेलारकाकांचा ५.८ आला, म्हणजे भयंकर. काका हादरले. बुधवारी त्यांनी पुन्हा रक्त दिलं, लॅबच्या दुसऱ्या मुलाने घेतलं. ०.९. लॅबने "यंत्रातील दोष" असा शेरा मारला आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

मला त्याच मिनिटाला कळलं होतं, ताई. नंतर लक्षात आलं असं लिहिणार होते. ते खोटं आहे.

आमच्याकडे नमुने सात दिवस फ्रिजमध्ये ठेवतात. बाबांचा गट बी, काकांचा ओ. ती ट्यूब काढून रक्तगट बघणं हे दोन मिनिटांचं काम होतं. रविवारपर्यंत मी रोज त्या फ्रिजसमोरून गेले. पण तपासलं असतं तर नोंद झाली असती, आणि २० तारखेला माझी पर्यवेक्षकपदाची मुलाखत होती. मी स्वतःला सांगितलं की गुपचूप बाबांचं रक्त पुन्हा घेऊ, म्हणजे कोणाला काही सांगायला नको.

गुरुवारी सकाळी ते गॅलरीत पेपर वाचत होते. मी म्हटलं, "बाबा, उद्या पुन्हा एकदा रक्त देता का?"

ते म्हणाले, "काऊन?"

तुला माहीत आहे, कामाचं बोलताना ते पुण्याचं बोलायचे आणि मनापासून विचारायचं असलं की भंडाऱ्याचं. मी म्हटलं, "असंच."

"असंच रक्त काढत नसतात, निकी."

त्यांनी पेपरची घडी केली, चष्मा काढला आणि थांबले. त्या रविवारी थांबले होते तसेच. मी म्हटलं, "बरं, राहू दे." आणि डबा घेऊन कामावर गेले.

तो चांगला रिपोर्ट बघून डॉक्टरांनी त्यांना गुडघ्यासाठी दुखणं थांबवायच्या गोळ्या दिल्या. अशा मूत्रपिंडांना त्या गोळ्या म्हणजे विष. ते मला माहीत होतं. गोळ्यांचं पाकीट टीव्हीवर असायचं. पाय सुजले तेव्हा आई लेप लावायची, कारण घरात नॉर्मल रिपोर्ट होता आणि तो तिच्या लॅबवाल्या मुलीने आणला होता.

मुलाखतीत माझी निवड झाली. बाबा म्हणाले, "आता दुसऱ्याची चूकही तुझ्या नावावर." मी पाया पडले तेव्हा त्यांचे घोटे बघितले.

४ मार्चला ते जुन्या सहकाऱ्याच्या निरोप समारंभाला साताऱ्याला निघाले. स्वारगेटच्या फलाटावरच खाली बसले. पुढचं तुला माहीत आहे.

तू आईला बोललीस तेव्हा मी पाण्याचे ग्लास गोळा करत होते असं पहिल्या पत्रात लिहिलं आहे. सगळे ग्लास आधीच गोळा झाले होते. मी रिकामा ट्रे धरून उभी होते.

निकिता बाबुराव रामटेके. वय २७.
२१ सप्टेंबर २०२५, सकाळी ११.४०.
नाव मी माझ्या हाताने, लिहून झाल्यावर लिहिलं आहे.


रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय ताई,

दसऱ्याला तू दीक्षाभूमीवर गेली असशील. बाबा असते तर आधी फोन करून छत्री आणि पाण्याची बाटली घ्यायची आठवण केली असती. यंदा मी आईला घेऊन इथल्याच विहारात गेले.

तू काही लिहिलं नाहीस. अपेक्षाही नव्हती. पण तुला लिहून झाल्यावर बाकीच्यांना न सांगणं मला जमेना. मी तीन ठिकाणी सांगितलं, आणि तिसरं तुला कळायला हवं.

पहिलं लॅबमध्ये. आमच्या प्रमुख हेमा मॅडमनी ऐकून घेतलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "सात महिन्यांनी?"

"हो."

"कोणी विचारलं होतं का?"

"नाही."

"मग आत्ताच का?"

मी म्हटलं, "मी मुलांना शिकवते, मॅडम."

त्यांनी कोरे कागद माझ्याकडे सरकवले. मग म्हणाल्या, "लिहून दे. आणि रडगाणं लिहू नकोस, वेळा लिही." ते बरं वाटलं. मी दोन पानं नुसत्या वेळा लिहिल्या. चौकशी चालू आहे.

दुसरं शेलारकाकांकडे. त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी त्यांच्या दारावरच्या पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "म्हणजे ते तीन दिवस मी बाबुरावांचं दुखणं वाहत होतो म्हणायचं." नेहमीसारखं बोलायला गेले आणि त्यांना जमलं नाही. "तुला नाव विचारू दिलं नाही मी," असंही म्हणाले. मी म्हटलं, "नाही काका, विचारायचं काम माझं होतं." त्यांनी दार लावून घेतलं. हळू लावलं.

तिसरं आईला. तिला मी सगळ्यात शेवटी सांगितलं, हेसुद्धा लिहून ठेवते. ती मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि ट्रेपासून गॅलरीपर्यंत सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. माझं झाल्यावर तिने काड्या बाजूला केल्या आणि म्हणाली,

"तुह्या बाबाले माहीत होतं."

मी विचारलं, "कधीपासून?"

"तू राहू दे म्हणून कामावर गेली ना, त्याच दिवशी मले म्हणाले, पोरीनं ट्यूब बदलवली वाटते. मी म्हणलं, मंग विचारा तिले. तं म्हणाले, तिची मुलाखत होऊ दे. सांगन ते आपल्या तोंडानं. नाहीच सांगितलं तं साताऱ्याहून आल्यावर मीच जाऊन देतो रक्त."

चौतीस वर्षं ते कोणासाठी थांबले नाहीत, ताई. तू बारावीला नापास होता होता वाचलीस तेव्हाही निकाल आधी स्वतः बघून आले आणि तुला जसाच्या तसा सांगितला. एकदाच थांबले, माझ्यासाठी.

मी आईला विचारलं, "मग ताई तुला एवढं बोलली, तेव्हा तू सांगितलं का नाहीस?"

तिने निवडलेली मेथी पाण्यात बुडवली. म्हणाली, "एक पोरगी तं घरात राहिली पाहिजे."

मग मेथी पाण्यातून उपसत, "मले तरी कुठं समजलं का एवढं मोठं असन ते. मीही तं लेपच लावत बसली."

आईलाही संशय माहीत होता, हे तुला कळवायचं की नाही यावर मी दोन दिवस घालवले. कळवलं तर तू तिच्यावर आणखी रागावशील, आणि हा सगळा खटाटोप ज्यासाठी केला तेच मोडेल. शेवटी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "लिह. अर्धं लिहून काय करतेस."

म्हणून लिहिलं.

निकी


रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ताई,

हे शेवटचं. यापुढे मी तुला त्रास देणार नाही.

लॅबचा निर्णय आला. माझं पर्यवेक्षकपद गेलं. सहा महिने घरोघरी जाऊन रक्त घ्यायचं नाही, केंद्रातच बसायचं, आणि माझ्या प्रत्येक लेबलवर दुसऱ्याची सही. ती सही सृष्टी करते. पहिल्या दिवशी बिचारी लाल झाली. "मॅडम, मी तुमचं कसं तपासू?" मी म्हटलं, "वाचून." आता ती खरंच वाचते. गुरुवारी एका आजोबांच्या लेबलवर मी वेळ लिहायची विसरले होते, तिने परत दिलं. मला राग आला, आणि मग फार बरं वाटलं. तुला सांगण्यासारखं एवढं एकच चांगलं माझ्याकडे आहे.

एक नियमही झाला. आपल्या घरच्या किंवा शेजारच्या माणसाचं रक्त आपण घ्यायचं नाही, दुसऱ्याला बोलवायचं. नियमाच्या कागदावर कारण लिहिलेलं नाही. नवीन मुलं आली की ते मी सांगते, माझ्या नावासकट. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, हे तुम्ही रोज कसं सांगता?" मी म्हटलं, "रोज नाही, बॅच आली की." सगळे हसले. मीही हसले, ते मला नंतर खटकलं.

काल दुपारी चारला आईचा फोन वाजला. तिने स्क्रीन बघितली आणि माझ्याकडे न बघता गॅलरीत गेली. दार ओढून घेतलं. चाळीस मिनिटं ती बाबांच्या खुर्चीत बसून होती. मी काचेतून बघत होते, हे कबूल करते. ती फार बोलत नव्हती. एकदा पदराने तोंड पुसलं. एकदा हसली, तेव्हा तिचा एक हात कुंडीतल्या तुळशीची सुकलेली पानं काढत होता. तू काय बोललीस ते तिने सांगितलं नाही.

ती आत आली. मी विचारायला नको होतं, पण विचारलं, "माझ्याबद्दल काही?"

"नाही," आई म्हणाली. मग जाताना थांबून, "नाही विचारलं तिनं."

ते बरोबर आहे, ताई. मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, माझ्याशी बोलू नकोस. तू पत्र नीट वाचलंस.

आज सकाळी मी हे लिहायला बसायच्या आधी आईने कुकर उतरवला, डाळ घोटली आणि फडताळातला तो डबा काढला. बाबांचं लेबल आहे, "हळद. भरली २ फेब्रु. २०२५". तिने झाकण उघडून वास घेतला. "वास गेला याचा," म्हणाली. तरी चिमूटभर टाकली. मग अजून चिमूटभर.

जेवायला बसलो तेव्हा तिने मला भात वाढला, त्यावर वरण वाढलं, तूप वाढलं. वरण पिवळं होतं. मी सगळं खाल्लं.

डब्यात लेपातून उरलेली तळाशीच आहे, फार तर आठवडाभर पुरेल. नवीन हळद आणली की लेबल कोणी लिहायचं, हे आईने सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.

निकिता